यादीतली ओळ आणि ओळीमागचं पुस्तक

चार हजार नावांची यादी आपण फोनवर अंगठ्याने भराभर वर सरकवतो, तेव्हा वाटतं की चार हजार ओळी एकीखाली एक मांडून ठेवल्या आहेत आणि आपण नुसते खाली खाली चाललो आहोत. तसं काही नसतं. कुठल्याही क्षणी त्या यादीच्या जेमतेम डझनभर ओळी फोनमध्ये अस्तित्वात असतात. उरलेली तीन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी नावं नुसती माहिती म्हणून साठवलेली असतात. त्यांना रूप नसतं, रंग नसतो, बोट ठेवावं असं काहीच नसतं.

यादीच्या ॲपमधले बहुतेक घोळ इथून सुरू होतात. दाबलं एक आणि उघडलं दुसरं, खूण केली एकाला आणि उमटली तिघांवर, यादी अडखळत सरकली, परत आलो तर पुन्हा पहिल्या पानावर. नवशिक्याला हे चार वेगळे आजार वाटतात. यातल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं: ओळ आणि ओळीत दिसणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लिहिणारा विसरलेला असतो.

उदाहरण घेऊ. समजा, बडोद्यात दांडिया बाजाराच्या एखाद्या गल्लीत एक जुनं मराठी ग्रंथालय आहे. चार हजार पुस्तकं, बहुतेक सभासद साठीच्या पुढचे, त्यांची नातवंडं घरी मराठी बोलणारी पण शाळेत गुजराती लिहिणारी. त्यांना एक ॲप हवंय: पुस्तकांची यादी दिसावी, ओळ दाबली की पुस्तकाची माहिती उघडावी, आणि तिथून पुस्तक राखून ठेवता यावं. बस, एवढंच. ऐकणाऱ्याला हे दुपारभराचं काम वाटतं, आणि खरंच दुपारभरात काहीतरी उभं राहतंही. चालत नाही ते दुसऱ्या दिवसापासून.

डझनभर ओळींत चार हजार पुस्तकं

सगळ्या ओळी एकदम का बनवत नाहीत? हिशेब बघा. आपल्या एका ओळीत मुखपृष्ठाचं चित्र, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, 'उपलब्ध' किंवा 'राखीव' अशी पट्टी आणि एक बटण, असे पाच भाग आहेत. चार हजार ओळी म्हणजे वीस हजार भाग. प्रत्येकाचं माप घ्यायचं, जागा ठरवायची, तो रंगवायचा. आणि वेळ किती? साधा फोन सेकंदाला ६० वेळा पडदा नव्याने रंगवतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. १२० वेळा रंगवणारा महागडा फोन असेल तर ८.३ मिलिसेकंद. महागडा फोन घेतला की ॲपवाल्याचा वेळ निम्मा होतो, ही यातली गंमत. तेवढ्या वेळात काम झालं नाही की एक चित्र चुकतं आणि यादी हिसका देते.

म्हणून युक्ती अशी: पडद्यावर मावतील तेवढ्या ओळी आणि वर-खाली एखाद-दुसरी जास्तीची, एवढ्याच बनवायच्या. आपण यादी वर सरकवली की वरून बाहेर पडलेली ओळ मोडायची नाही. तीच उचलून खालच्या टोकाला आणायची आणि तिच्यात पुढच्या पुस्तकाची माहिती भरायची.

बडोद्याच्या माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हा मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबर फिरती ग्रंथालयंही सुरू झाली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी जायच्या, तिथे वाचून झालं की परत यायच्या आणि पुन्हा फिरतीवर निघायच्या. जितकी पुस्तकं तितक्या पेट्या करायला कोणी सुतार बसवले नव्हते. पेट्या मोजक्याच, पुस्तकं बदलती. फोनवरची ओळ ही अशी पेटी आहे. ती पुस्तक नाही.

अँड्रॉइडमध्ये हे काम करणाऱ्या घटकाला रीसायकलर व्ह्यू म्हणतात. तो २०१४ साली आला. त्याआधी, अगदी २००८ पासून, लिस्ट व्ह्यू होता. जुनी ओळ पुन्हा वापरायची सोय त्यातही होती, पण वापरायची की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं होतं आणि मर्जी बऱ्याचदा आळशी असायची. आयफोनच्या टेबल व्ह्यूमध्येही ओळी परत वापरण्याची रीत पहिल्यापासून आहे. ॲप लिहायच्या नव्या साधनांतही हेच आहे: आताच्या मंडळींना जेटपॅक कंपोजचा लेझी कॉलम माहीत असतो, फ्लटरवाल्यांना लिस्टव्ह्यू बिल्डर, रिॲक्ट नेटिव्हवाल्यांना फ्लॅटलिस्ट. सगळ्यांचं आतलं तंत्र तंतोतंत एक नाही. फ्लटर, उदाहरणार्थ, ओळ जपून ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हा बनवतो आणि नको झाली की टाकून देतो. पण दिसेल तेवढंच बनवायचं, हे सगळ्यांत समान.

आणि तरीही शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी काय करतो? सरकणाऱ्या चौकटीत एक साधा उभा रकाना टाकतो आणि फेरा चालवून चार हजार ओळी त्यात कोंबतो. वीस पुस्तकांवर तपासलं तर छान चालतं. म्हणून माझा आग्रह असतो की यादी पहिल्याच दिवशी पाच हजार खोट्या नोंदींवर तपासावी. खोट्या नोंदी बनवायला पाच मिनिटं लागतात.

आधीच्या गावाची पुस्तकं पेटीत राहिली तर

पेटी परत आल्यावर रिकामी करायची असते. यादीतही तेच, आणि इथे हमखास चूक होते.

लिहिणारा सूचना देतो: पुस्तक राखीव असेल तर लाल पट्टी दाखव. वाचायला बरोबर वाटतं. राखीव पुस्तकाच्या ओळीवर लाल पट्टी येते. मग ती ओळ वरून बाहेर जाते, खालून परत येते, आता तिच्यात दुसरं पुस्तक, जे राखीव नाही. पण पट्टी लपवायला कोणी सांगितलंच नव्हतं! ती तशीच राहते. सभासदाला दिसतं ते असं: तिसरं पुस्तक राखीव, पंधरावं राखीव, सत्ताविसावं राखीव. मधलं अंतर सारखंच निघालं की समजावं, ओळी फिरतीवर आहेत आणि कोणीतरी पेटी झटकलेली नाही. उपाय एका वाक्याचा: 'असेल तर दाखव' लिहिलं की 'नसेल तर लपव' लिहायचंच. ओळ कोरी हातात येते असं कधीही धरून चालायचं नाही. कंपोज किंवा रिॲक्टसारख्या नव्या पद्धतींत 'या माहितीला ओळ कशी दिसते' एवढंच लिहायचं असल्याने ही चूक बरीच कमी झाली आहे. पण ओळीच्या आत स्वतंत्र आठवण ठेवली, म्हणजे 'ही ओळ उघडलेली आहे' असं ओळीलाच लक्षात ठेवायला लावलं, तर ती तिथेही डोकं वर काढते. खूण पुस्तकाच्या नोंदीत असावी. ओळीने ती फक्त दाखवावी.

मुखपृष्ठांची गोष्ट याहून बेरकी. चित्र इंटरनेटवरून यायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात सभासद दोन पडदे पुढे गेलेला असतो आणि ज्या ओळीसाठी चित्र मागवलं तिच्यात आता वेगळंच पुस्तक बसलेलं असतं. चित्र येतं आणि मुकाट्याने त्या ओळीत जाऊन बसतं. संतचरित्राच्या नावाशेजारी क्रिकेटपटूचा फोटो! ग्लाइड किंवा कॉइलसारखी चित्रं आणून दाखवणारी तयार साधनं ओळ दुसऱ्या कामाला लागली की आधीची मागणी रद्द करतात. हे स्वतः लिहायची हौस नसलेली बरी.

तीच साधनं आणखी एक काम करतात. ग्रंथपालांनी फोनने काढलेला मुखपृष्ठाचा फोटो समजा ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा आहे. फाइल दोन-तीन एमबीची दिसते, पण पडद्यावर आणण्यासाठी उलगडली की प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात, म्हणजे ४८ एमबी. अशा दहा ओळी म्हणजे ४८० एमबी, आणि फोन ॲपला दारातच अडवतो. ओळीत चित्राला जागा असते १६८ गुणिले १६८ ठिपक्यांची. तेवढंच उलगडलं तर सव्वा लाख बाइटसुद्धा लागत नाहीत.

बोट पडल्यापासून उठेपर्यंत

आता दाबण्याकडे येऊ. आपल्याला वाटतं की दाबणं ही एक घटना आहे. फोनसाठी ती छोटी मालिका असते: बोट टेकलं, हललं, उचललं. बोट टेकताक्षणी फोनला माहीत नसतं की या माणसाला ओळ दाबायची आहे की यादी सरकवायची आहे. दोन्हींची सुरुवात एकच. म्हणून तो थोडा थांबतो. अँड्रॉइडमध्ये सरकणाऱ्या यादीतली ओळ 'दाबली गेली' असा रंग लगेच घेत नाही, सुमारे १०० मिलिसेकंद वाट बघते. तेवढ्यात बोट ठरावीक अंतरापेक्षा जास्त हललं, तर यादी म्हणते, हे माझं गिऱ्हाईक. ती ओळीला 'रद्द' असा निरोप पाठवते आणि स्वतः सरकू लागते.

ते अंतर साधारण ८ डीपी असतं. एक डीपी म्हणजे इंचाचा १६० वा भाग, तेव्हा ८ डीपी म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. ज्यांचा हात किंचित थरथरतो त्यांचं बोट तेवढं सहज हलतं, आणि मग 'दाबतोय दाबतोय पण उघडतच नाही' ही तक्रार येते. ॲप बिघडलेलं नसतं. यादीने ते दाबणं सरकवणं समजून घेतलेलं असतं. यावर ॲपवाल्याच्या हातात फार काही नाही. निदान ओळींवर आडवं सरकवून पुसायच्या वगैरे करामती ठेवू नयेत, ज्यात चुकून झालेल्या हालचालीने काहीतरी घडूनच जातं.

बोट न हलता टेकून राहिलं आणि साधारण अर्धा सेकंद गेला, तर ते 'दाबून धरणं' ठरतं. त्याआधी त्याच जागी उचललं, तर ते खरं दाबणं. म्हणजे क्लिक होतं ते बोट उचलताना. बोट टेकल्यावर मन बदललं तर बाजूला सरकवून सुटका करून घेता येते.

ओळीच्या आत आणखी एक बटण असेल तर प्रश्न वाढतो. आपल्या ओळीत 'राखून ठेवा' आहे. बटणावर बोट पडलं तर ते बटणाचं, बाकी कुठेही पडलं तर ओळीचं, हे साधं वाटतं. पण जुन्या लिस्ट व्ह्यूमध्ये एक प्रसिद्ध खोड होती: ओळीत साधं बटण ठेवलं की ते सगळं लक्ष स्वतःकडे घ्यायचं आणि ओळ दाबलेली कळायचीच नाही. कित्येकांनी त्यापायी रात्री जाळल्या आहेत. माझं मत विचाराल तर साठीपुढच्या सभासदांसाठी ओळीत बटण नकोच. ओळ दाबली की माहिती उघडावी, आणि 'राखून ठेवा' तिथे मोठ्ठं असावं.

दाबलं कोणाला?

हा खरा मुद्दा. बोट उचललं, क्लिक झालं, ॲपला कळलं की 'वरून सातवी ओळ दाबली'. आता पुस्तक कोणतं उघडायचं?

सोपं उत्तर: पुस्तकांच्या यादीतलं सातवं. आणि इथेच घात होतो.

सभासदाने शोधाच्या चौकटीत 'पाककृती' लिहिलं. चार हजारांतली बावीस उरली. त्यांतलं सातवं दाबलं. ॲपने मूळ चार हजारांच्या यादीतलं सातवं उघडलं. मग संध्याकाळी ग्रंथालयात फोन येतो.

"अहो, मी पाककृतीचं पुस्तक राखून ठेवलं, आणि निरोप आलाय ज्योतिषाचा!"

"काकू, चुकून वरचं दाबलं गेलं असेल."

"काही नाही हो, चष्मा लावून दाबलंय."

काकूंचं बरोबर असतं. चूक ॲपची असते. सातवं हा जागेचा क्रमांक आहे, आणि जागेवर कोण बसलंय ते क्षणाक्षणाला बदलतं: शोध घेतला, क्रम बदलला, एखादं पुस्तक काढून टाकलं, सर्व्हरवरून नवं येऊन सगळ्यांत वर बसलं. ओळ भरताना सातवा क्रमांक टिपून ठेवला आणि दाबताना तोच वापरला, तर मधल्या काळात काय झालं याचा पत्ता कोणालाच नसतो. रीसायकलर व्ह्यूमध्ये म्हणूनच दाबण्याच्या क्षणी जागा नव्याने विचारावी लागते, आणि 'आता जागाच नाही' असंही उत्तर येऊ शकतं. ओळ पुसली जाण्याची हालचाल चालू असताना कोणी तिच्यावर बोट टेकवलं तर तसं होतं.

पक्का उपाय म्हणजे जागा विचारूच नये. ओळीत पुस्तक भरताना त्या पुस्तकाची ओळख ओळीला बांधावी आणि दाबल्यावर तीच पुढे पाठवावी. ओळख म्हणजे काय? नाव चालणार नाही, एकाच नावाची दोन पुस्तकं असतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक? ही पद्धत १९७० च्या सुमाराला सुरू झाली. जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांक नसतोच, आणि एकाच आवृत्तीच्या पाच प्रतींवर असला तरी एकच असतो. ग्रंथालयांनी हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सोडवलेला आहे. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक मिळतो, आणि प्रत गहाळ झाली, फाटली, बाद केली, तरी तो दुसऱ्या प्रतीला द्यायचा नसतो. ॲपला हवी ती ओळख हीच.

त्यातून एक प्रश्न मात्र उभा राहतो, जो संगणकवाल्याने नाही, ग्रंथपालांनी सोडवायचा: यादीतली एक ओळ म्हणजे एक प्रत की एक पुस्तक? पाच प्रती असतील तर पाच ओळी दिसाव्यात का? सभासदाला पुस्तक हवं असतं, कपाटाला प्रत माहीत असते. मी असतो तर ओळ पुस्तकाची ठेवली असती, पुस्तकालाही एक स्वतंत्र क्रमांक दिला असता, आणि प्रती आतल्या पानावर दाखवल्या असत्या. हे कागदावर ठरल्याशिवाय ओळ लिहायला घेऊ नये.

माहितीच्या पानाला पाठवायचा तो पुस्तकाचा हा क्रमांक, सगळी नोंद नव्हे. काही जण चित्रासकट अख्खी नोंदच पुढच्या पडद्याकडे ढकलतात. अँड्रॉइडमध्ये त्या वाटेवर सुमारे एक एमबीची मर्यादा आहे, तीही त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या देवाणघेवाणींना मिळून. मोठं ओझं टाकलं की ॲप कोसळतं. शिवाय नेलेली नोंद शिळी असते. क्रमांक नेला तर पुढचं पान ताजी माहिती स्वतः शोधतं.

ओळख असली की बदल दाखवणंही सोपं होतं. सर्व्हरवरून नवी यादी आली तर जुनी पुसून सगळी पुन्हा रंगवायची गरज नसते. अँड्रॉइडमधलं डिफ-युटिल हे साधन जुन्या आणि नव्या यादीतला फरक काढतं. त्यामागची रीत यूजीन मायर्स यांनी १९८६ साली मांडलेली आहे. ते आपल्याला दोनच प्रश्न विचारतं: हे तेच आहे का? आणि तसंच आहे का? पहिल्याचं उत्तर पुस्तकाच्या क्रमांकावरून द्यायचं, दुसऱ्याचं दिसणाऱ्या मजकुरावरून. पुस्तक तेच पण आता राखीव झालं, तर 'तेच, पण तसंच नाही', मग फक्त तेवढी ओळ बदलते. दोन प्रश्नांची गल्लत केली की सगळी यादी उगाच लुकलुकते. लेझी कॉलममध्ये याच ओळखीला 'की' म्हणतात. रिॲक्टमध्येही 'की' असते, आणि तिथे लोक हौसेने जागेचा क्रमांकच 'की' म्हणून देतात. मग एवढं सगळं कशाला केलं?

कोड अगदी बरोबर असूनही माणूस चुकू शकतो. बोट खाली येत असतानाच वर एक नवी ओळ आली आणि सगळं एक घर खाली सरकलं, तर बोट भलत्याच पुस्तकावर पडतं. ॲपने दाबलेलंच उघडलं, पण सभासदाला ते दाबायचं नव्हतं. म्हणून माणूस यादीत असताना वरून ओळी घुसवू नयेत. 'नवी पुस्तकं आली आहेत' अशी एक पट्टी दाखवावी, त्याने दाबली की मगच यादी बदलावी.

दोनदा दाबणारेही असतात. पहिल्या दाबण्याला उत्तर यायला जरा वेळ लागला की दुसरं होतंच. माहितीचं पान दोनदा उघडलं तर फार बिघडत नाही, पण पुस्तक दोनदा राखलं जाऊ नये. हे ॲपमध्ये अडवावंच, आणि सर्व्हरवरही एक सभासद व एक पुस्तक अशी एकच नोंद होऊ द्यावी.

एकदम आणायची की हप्त्याहप्त्याने

मोठ्या यादीत सर्व्हरकडून वीस-वीस नोंदी मागवतात. इथेही जागा आणि ओळख यांचा तोच झगडा आहे. 'पहिल्या वीस सोडून पुढच्या वीस दे' म्हटलं आणि मधल्या वेळात वर एक नवं पुस्तक दाखल झालं, तर विसावं पुस्तक एकविसावं होऊन पुन्हा हजेरी लावतं. एखादं काढून टाकलं तर एक पुस्तक कायमचं निसटतं. त्याऐवजी 'या क्रमांकाच्या पुस्तकानंतरची वीस दे' असं मागितलं की हा गोंधळ होत नाही.

पण आपल्या ग्रंथालयाला हे सगळं लागतं का? अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरी अक्षराला ३ बाइट लागतात. नाव, लेखक आणि इतर दोन-चार गोष्टी धरून एका पुस्तकाचे दोनशे बाइट पकडले, तर चार हजारांचे आठ लाख. एका मुखपृष्ठाच्या फोटोहून कमी! सगळी यादी एकदा उतरवून घ्यावी, फोनमधल्याच एसक्यूलाइट या छोट्या माहितीकोठारात ठेवावी, आणि मग फक्त बदल मागवावेत. वायफाय गेलं तरी यादी चालते. मोठ्या कंपन्या करतात म्हणून हप्ते पाडायचे, हे मला पटत नाही.

ओळीची उंची आणि अक्षरांचा क्रम

बोटाला जागा किती हवी याची मापं ठरलेली आहेत: अँड्रॉइडवाले किमान ४८ डीपी सांगतात, ॲपलवाले ४४ पॉइंट. आपल्या सभासदांसाठी ७२ डीपी ठेवली तर कोणाचं काही बिघडत नाही. मात्र ही उंची 'किमान' म्हणून द्यावी, पक्की म्हणून नव्हे. आजोबांनी फोनमधली अक्षरं मोठी केलेली असतात, आणि देवनागरीला वर वेलांट्या-रफार, खाली उकार लागतात. पक्क्या उंचीच्या ओळीत आधी तळचा उकार कापला जातो आणि 'सुधा'ची 'सधा' होते. लांब नाव तोडायचं कामही पडद्यावरच सोपवावं. पहिली वीस अक्षरं मोजून कापली की नेमकं जोडाक्षर मधून तुटतं आणि पाय मोडलेला 'क्' लोंबकळत राहतो.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी टॉकबॅक ओळ वाचून दाखवतं. ओळीचे भाग सुटे ठेवले तर ते चित्र, नाव, लेखक, बटण असे तुकडे एकेक करून ऐकवत बसतं. सगळी ओळ एक वाक्य म्हणून वाचली जाईल असं करावं: नाव, लेखक, उपलब्ध आहे की नाही.

क्रमाची गंमत मात्र मराठी ॲप करणाऱ्यालाच कळते. संगणकाला काही न सांगता अकारविल्हे लावायला सांगितलं तर तो युनिकोडमधल्या, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या, क्रमांकांनुसार लावतो. तिथे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे, त्यामुळे 'काळ' आधी येतो आणि 'कावळा' नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे कावळा आधी हवा. आणि 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये मागाहून आलं, ते देवनागरी अंकांच्याही पुढे बसलंय. ॲक्युप्रेशरची सगळी पुस्तकं 'ह' संपल्यावर, यादीच्या तळाशी! त्या पुस्तकांना आपल्याकडे मागणी किती ते मी सांगायला नको. उपाय तयार आहे: क्रम लावणारं साधन, म्हणजे कोलेटर, घ्यावं आणि त्याला मराठीचे नियम वापर असं स्पष्ट सांगावं. 'फोनची भाषा असेल त्याप्रमाणे लाव' असं सांगू नये, कारण बडोद्यात फोनची भाषा गुजराती किंवा इंग्रजी असण्याचीच शक्यता जास्त.

तोच प्रश्न शोधात येतो. नातू आजीसाठी पुस्तक शोधतो तेव्हा त्याच्या बोटाखाली गुजराती कीबोर्ड असतो. आजी सांगते तसं तो गुजराती लिपीत लिहितो आणि यादी रिकामी होते. इथे एक सोय आयतीच मिळते. भारतीय लिप्यांची युनिकोडमधली मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे, त्यामुळे देवनागरी आणि गुजराती अक्षरं आपापल्या रकान्यांत जवळपास त्याच क्रमाने बसली आहेत. गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की बहुतेक वेळा त्याच उच्चाराचं देवनागरी अक्षर मिळतं. शोधाचा शब्द यादीशी ताडून बघण्याआधी एवढी एक वजाबाकी केली की नातवाला पुस्तक सापडतं. दोन ठिकाणी ती अडते. गुजराती 'ऍ'मधून ३८४ वजा केले की हिंदी पद्धतीचा 'ऍ' मिळतो, मराठी 'ॲ' नाही, तेव्हा शोधापुरते ते दोन्ही एकच धरावे लागतात. आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या 'ऱ'ला गुजरातीच्या रकान्यात घरच नाही. त्यात मराठीतही तो दोन तऱ्हांनी टंकला जातो, एकदा खालच्या टिंबाचा 'ऱ' घेऊन आणि एकदा साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. शोधण्याआधी यादीतला आणि चौकटीतला असे दोन्हीकडचे 'ऱ' साध्या 'र'वर आणून ठेवले की काम भागतं.